आज आकडा किती?

परवा गुरुवारी कॉलेजातून घरात पाऊल टाकते तोच शहापूरहून एका वाचक भगिनींचा फोन आला. आवाज कापत होता. "तुम्ही मागे या सदरात ओझरतं लिहिलं होतं, तुमच्या कुत्रीला रक्ताचा कसला तरी आजार झाला होता म्हणून. आमच्या ब्रूनोला आज डॉक्टरांनी तेच नाव सांगितलंय. वाचतात का हो यातून?"

मी त्यांच्याशी पाऊण तास बोलले. औषधं, रक्त, खाणं, सगळं सांगितलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की एक गोष्ट मी सफाईनं गाळली. आज सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं आहे, गाळलेल्या गोष्टीसकट.

गुंडी ही आमची कॉकर स्पॅनियल. २०१८ साली धाकट्या दिरांची पुण्याला बदली झाली आणि तीन महिन्यांचं ते पिल्लू आमच्या गळ्यात पडलं. काळेभोर, वाटोळे, शर्टाच्या बटणासारखे डोळे, म्हणून सासूबाईंनी नाव ठेवलं गुंडी. आपल्या दोन्ही भाषांत गुंडी म्हणजे बटणच. कन्नडात खड्ड्यालाही गुंडी म्हणतात, त्यामुळे ती फाटकातून सुटली की समोरच्या अक्का "गुंडी बंत नोड्री!" म्हणून ओरडायच्या आणि येणारा-जाणारा पायाखाली बघायचा. आमच्या तिलकवाडीच्या रस्त्यांवर तशी ती सूचना एरवीही खोटी नसते. २०२१ मध्ये सासूबाई गेल्या. त्या रात्रीपासून गुंडी आपण होऊन मामंजींच्या कॉटखाली झोपायला लागली. मामंजींना कुत्रं घरात नको होतं. आजही विचारलं तर तेच सांगतील.

२०२४ चा जुलै. बेळगावचा जुलै तुम्हाला सांगायला नको. चार दिवस सूर्याचं तोंड दिसलं नव्हतं. गुंडी कोपऱ्यात मुटकुळं करून पडायची, ते आम्ही पावसावर घातलं. भाकरी हुंगून सोडली, ते अजीर्णावर. जिना चढताना मध्येच बसली तेव्हा मुलगी म्हणाली, "म्हातारी झाली की आमची गुंडी." सहा वर्षांची कुत्री म्हातारी नसते, पण कुणीतरी तसं म्हटलं की बरं वाटतं, दवाखान्यात जायचं टळतं. १२ तारखेला, शुक्रवारी सकाळी, धुण्याला येणाऱ्या मावशींनी परसातून हाक मारली, "ताई, हे काय सांडलंय बघा की." फरशीवर काळ्या चहासारखं पाणी होतं. गुंडीची लघवी होती ती. मी तिचा ओठ वर करून बघितला. हिरड्या पांढऱ्याफटक, वर पिवळट झाक. डोळ्यांच्या पांढऱ्यावर हळदीचं बोट फिरवल्यासारखं झालं होतं.

आमचे डॉक्टर घरी कन्नड बोलणारे, पण मराठी आपल्या बेळगावची अस्सल. त्यांनी काचेच्या केसाएवढ्या नळीत रक्त घेतलं आणि यंत्रात गरगर फिरवलं. तांबड्या पेशी खाली बसतात, पाणी वर राहतं. तांबडा भाग नळीत शेकडा किती, तो आकडा म्हणजे पीसीव्ही. निरोगी कुत्र्यात तो साधारण ३७ ते ५५ असतो. गुंडीचा होता १३. वरचं पाणी फिकट असायला हवं, ते केशरी झालं होतं. मग त्यांनी काचपट्टीवर रक्ताचा थेंब सलाईनच्या पाण्यात मिसळून पट्टी उजेडात धरली आणि मला दाखवली. नासलेल्या दुधात दिसतात तसे कण. "मॅडम, रक्त कुठं वाहून गेलेलं नाही. हिचंच शरीर हिचं रक्त खायला लागलंय."

आजाराचं नाव लांबलचक आहे: इम्यून मीडिएटेड हिमोलायटिक अनीमिया. शरीरात रोगजंतूंना ओळखून मारणारी जी यंत्रणा असते, ती आपल्याच तांबड्या पेशींना परकं समजते. त्यांच्यावर खुणा करते, आणि खूण झालेली पेशी प्लीहेत, यकृतात गेली की तिथं ती गिळली जाते. काही पेशी अर्ध्यामुर्ध्या कुरतडल्या जाऊन सुटतात, त्या सूक्ष्मदर्शकात बुटक्या गोळ्यांसारख्या दिसतात. कुत्र्याची तांबडी पेशी एरवी साडेतीन-चार महिने जगते. इथं ती काही दिवसांतच खलास. हाडांतला मगज नव्या पेशी करतो, पण हुकूम मिळाल्यापासून माल बाहेर यायला त्याला चार-पाच दिवस लागतात. तेवढे दिवस जनावर टिकायला हवं. कॉकर स्पॅनियल जातीत हा आजार जास्त दिसतो आणि माद्यांत अधिक, हे मला त्या दिवशी कळलं. पुस्तकातले आकडे विचारले तर डॉक्टर म्हणाले, कुठला अभ्यास घ्याल तसं, दहातली तीनपासून सातपर्यंत दगावतात. बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत.

मग प्रश्नांची सरबत्ती. गोचीड? नवीन गोळी? जस्ताची वस्तू गिळली? कांदा-लसूण खाल्ला? कुत्र्याला कांदा हे विष आहे, त्यानेही तांबड्या पेशी फुटतात, म्हणून विचारतात. मी सगळ्याला नाही म्हटलं. गोचिडाची चाचणी तिथंच केली, रक्ताचा नमुना पुढे बेंगळुरूलाही पाठवला. आपल्याकडे गोचिडातून येणारा बॅबेसिया हाच पहिला संशयित असतो. तो निघाला नाही. तोवर स्टिरॉइड सुरू झालं होतं: प्रेडनिसोलोन, १० मिलिग्रॅमच्या रोज अडीच गोळ्या. बारा किलोच्या जनावराला हा डोस भरभक्कमच. भडकलेली यंत्रणा त्यानेच दबते. सोबत क्लोपिडोग्रेलची पाव गोळी, कारण या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि पुष्कळ कुत्री रक्ताच्या कमीपेक्षा फुप्फुसात अडकलेल्या गुठळीनेच जातात.

रात्री पाकीट उघडलं आणि मामंजींच्या औषधांचा डबा आठवला. त्यांना २०१९ मध्ये स्टेंट घातला आहे. तीच गोळी, तीच चंदेरी पट्टी. त्यांनीही ती ओळखली. थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "सूनबाई, भजी मी घालत होतो."

पावसाळ्यात चार वाजता कांदाभजी झाली की त्यातली दोन कॉटखाली जात होती. किती वर्षं ते त्यांनाच ठाऊक. शनिवारी सकाळी ते काठी टेकत स्वतः दवाखान्यात आले आणि डॉक्टरांसमोर कबुलीजबाब दिला. डॉक्टरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. कांद्याने फुटलेल्या पेशींवर जे ठिपके दिसतात ते इथं नव्हते. "अज्जा, भजी बंद करायचीच. पण हे तुमच्या भज्यांनी झालेलं नाही." मामंजींना किती पटलं कुणास ठाऊक. त्यानंतर आमच्या घरात कांदाभजी झालेली नाहीत.

त्या शनिवारी आकडा ११ वर आला. गुंडी मान उचलत नव्हती, श्वास धपापत होता. रक्त द्यावं लागणार. आता, कुत्र्याची रक्तपेढी ही चेन्नईसारख्या ठिकाणची गोष्ट. मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात ती आहे. बेळगावात रक्त म्हणजे दुसरा कुत्रा, जिवंत, दारात उभा: पंचवीस किलोच्या आसपास किंवा जास्त वजनाचा, तरुण, निरोगी, इंजेक्शनं वेळेवर झालेला, आणि मालक तयार असलेला. कुत्र्यांतही डझनभर तरी रक्तगट आहेत. पहिल्या वेळी बहुधा कुठलंही चालून जातं. दुसऱ्या वेळी मात्र काटेकोर जुळवून पाहावंच लागतं.

मी ओळखीच्या नऊ घरी फोन केले. नऊही जणांनी हळहळ व्यक्त केली. त्यांचा राग नाही. माझ्या गुंडीच्या मानेत जाड सुई खुपसू देता का, असं आधी कुणी मला विचारलं असतं तर मीही हळहळच व्यक्त केली असती. शेवटी दुसऱ्या वर्षाच्या बी.कॉम.मधल्या एका विद्यार्थ्याने बैलहोंगलकडच्या त्याच्या मामांचं नाव काढलं. रविवारी सकाळी भर पावसात एक छोटा हत्ती दवाखान्यासमोर थांबला. मागच्या ताडपत्रीखालून धोतर-टोपीतले अण्णा उतरले आणि त्यांच्यामागे भीमा: मुधोळ हाउंड, लांब पायांचा, कमरेत बारीक, छाती डब्यासारखी. आपण ज्याला कारवानी म्हणतो तीच ही जात. मामंजी ताठ झाले. आयुष्यभर त्यांनी पोस्टाच्या काउंटरमागे बसून पैसे मोजले. २००५ च्या जानेवारीत देशी कुत्र्यांची चार तिकिटं निघाली, त्यांत मुधोळ होता, आणि ती त्यांच्या हातून खपली होती. "हाच तो," ते मला म्हणाले, जणू तिकिटावरचाच उतरून आला होता. घोरपड्यांच्या संस्थानाने जपलेली ही जात. असल्या शिकारी, वेगवान कुत्र्यांत तांबड्या पेशींचं प्रमाण मुळातच जास्त असतं, म्हणून रक्त द्यायला ती उत्तम, हे डॉक्टरांनी सांगितलं. भीमाचा आकडा ५६ निघाला.

मानेवरचे केस भादरले. अण्णांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "सुम्म इर, मगा," असं कानाशी पुटपुटत राहिले. माणसांसाठीच्याच पिशवीत साडेतीनशे मिलिलिटर रक्त जमायला पंधरा मिनिटं लागली. त्यातलं अडीचशे थेंबथेंब करत चार तासांत गुंडीला गेलं. मी पाकीट पुढे केलं तर अण्णांनी हात मागे घेतला. "रक्तक्क रोक्क तगोतारेनरी?" भीमासाठी अंडी तेवढी घेतली. डिझेलचे पैसेही घेतले नाहीत, ते भाच्याच्या खिशात कोंबावे लागले.

संध्याकाळी आकडा १९. गुंडीने मान उचलून मामंजींची काठी हुंगली.

उसनं रक्त किती टिकेल सांगता येत नाही. तीच यंत्रणा त्याच्यावरही तुटून पडते. ते फक्त वेळ विकत घेतं. सोमवार १७. मंगळवार १६. दिवसभर दवाखान्यात, रात्री घरी. मंगळवारी रात्री ह्यांनी विचारलं, "कुठपर्यंत?" प्रश्न रास्त होता. मुलगी सेकंड पीयूसीला, तिच्या सीईटीच्या क्लासची फी भरायची होती आणि चार दिवसांत एकवीस हजार गेले होते. मी वर्गात अर्थशास्त्र शिकवते. त्यात 'बुडीत खर्च' म्हणून एक धडा आहे: गेलेला पैसा गेला, पुढचा निर्णय घेताना तो हिशेबात धरू नये. वीस वर्षं हे फळ्यावर लिहिते आहे. त्या रात्री स्वयंपाकघरात बसून मी गेलेल्या एकवीस हजारांकडेच बघत होते. शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी एक चांगली गोष्ट सांगितली: थांबायची रेघ आजच आखा, हातघाईवर आल्यावर नको. आम्ही रेघ आखली. शुक्रवारपर्यंत पुन्हा रक्ताची वेळ आली, किंवा श्वास लागून तिला झोपताही येईना, तर तिला आणखी छळायचं नाही. घरात चौघांनी ते ऐकलं. कुणी काही बोललं नाही, पण त्या रात्री मला चार तास झोप लागली.

बुधवारी १७. गुरुवारी १९. शुक्रवारी २१.

मामंजींनी कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत आकडा मांडायला सुरुवात केली, दुधाच्या खाड्यांच्या वर. कॉलेजातून आल्यावर चहाच्या आधी प्रश्न यायचा, "आज आकडा किती?" मागच्या गल्लीतल्या काकूंनी काविळीची माळ आणून दिली. ही कावीळ यकृत बिघडून झालेली नव्हे, फुटलेल्या पेशींतला रंग अंगात साठल्याची आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या पावसातून चालत आल्या होत्या. माळ घातली. तिसऱ्या दिवशी गुंडीने ती चावून फस्त केली, आणि घरात पहिल्यांदा सगळे हसलो.

आता खरी कथा. संकट असतं तेव्हा माणूस धावतो, लोकही मदत करतात. पुढचे महिने कुणी बघायला येत नाही. ऑगस्टच्या मध्याला आकडा ३१ झाला, १२ सप्टेंबरला ३८. गुंडी बरी दिसत होती, आणि स्टिरॉइड मात्र चालूच. २० ऑगस्टला अडीचाच्या दोन गोळ्या झाल्या, १२ सप्टेंबरला दीड. तीन-तीन आठवड्यांनी, आकडा पक्का राहिला तरच थोडं उतरायचं, असा हिशेब. स्टिरॉइडवरचं कुत्रं बादलीभर पाणी पितं. जितकं पितं तितकं सोडतं, कुठेही, कधीही. त्याचा इलाज नसतो. पाणी तोडायचं नाही. भूक अशी, की मुलीच्या दप्तरातला डबा, देवापुढची साखर, एकदा कणकेचा अख्खा गोळा. पोट डेऱ्यासारखं, मागचे पाय काटकुळे, कानांवरचे रेशमी केस गळून पातळ. रात्रभर धापा. वास न जाणारी फरशी पुसत मी पहाटे चारला उभी असायची आणि नऊला वर्गात मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढायची.

२२ सप्टेंबरच्या पहाटे मामंजी उठले आणि त्या पाण्यावरून घसरले. हाड मोडलं नाही. पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. कमरेपासून गुडघ्यापर्यंत सगळं काळंनिळं. एक्स-रे काढून आणलं, झोपवलं. ते काही बोलले नाहीत. कॉटखाली हात सोडून गुंडीच्या डोक्यावर ठेवून पडले होते. मी पाहिलं आणि मला तिचा राग आला. खरं सांगते, राग आला.

गोळ्या मीच देत असे. दुसऱ्या दिवशी मी दीडची पाऊण केली. आठवड्याने पाव. २ ऑक्टोबरला बंद. डॉक्टरांना फोन केला नाही. ते नाही म्हणतील हे माहीत होतं. ह्यांना सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, आकडा ३८ आहे, कुत्री उड्या मारते आहे, आणखी किती दिवस माणसांनी पाय मोडून घ्यायचे? दोन-तीन दिवसांत फरशी कोरडी राहू लागली. घटस्थापना शांतपणे पार पडली. मी शहाणपणा केला असं मला वाटत होतं.

११ ऑक्टोबरला खंडेनवमी. सकाळी झेंडूचं तोरण बांधताना गुंडी उंबऱ्यावर बसली ती उठेना. ओठ वर केला. तेच पांढरं. डॉक्टरांचा दवाखाना त्या दिवशी पूजेपुरताच उघडा होता. रक्त फिरवायच्या यंत्राला कुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल. त्यांनी फूल उचलून बाजूला ठेवलं, नळी घातली, बटण दाबलं. आकडा २१.

"गोळी कितीवर आहे?" त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, ते सोसलं नाही. म्हणाले, यंत्रणा झोपलेली असते, गेलेली नसते. महिन्यामहिन्यांनी पाऊल न वाजवता तिच्या शेजारून उठून यावं लागतं. शिवाय इतके दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. एकदम बंद केलं तर आजार राहू दे बाजूला, त्या धक्क्यानेच कुत्रं कोसळू शकतं. पुन्हा अडीच गोळ्या. सोबत आता अ‍ॅझाथायोप्रीन, जी आपल्या हाताला लागू नये म्हणून मोजे घालून द्यायची आणि जिच्यासाठी दर काही आठवड्यांनी रक्त नि यकृत तपासायचं. फरशी ओली होण्याचे दिवसही पुन्हा पहिल्यापासून.

घरी मी सांगितलं, "आजार उलटला." ते खोटं नव्हतं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या दिवशी मात्र मामंजींना उटणं देताना त्यांच्या मांडीवरचा पिवळा पडत चाललेला डाग दिसला आणि मी सगळं बोलून गेले. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तो गुंडीचा औषधाचा डबा माझ्या कपाटातून नाहीसा. तो मामंजींच्या डब्याशेजारी गेला होता. सात दिवसांचे सात कप्पे, प्रत्येकावर पोस्टातल्या अक्षरात वार. त्या दिवसापासून गोळी तेच देतात. अर्धी करायला त्यांनी बाजारातून गोळी कापायचं छोटं यंत्रही आणवलं.

तेव्हाच आम्ही घराचीही व्यवस्था लावली, जी सप्टेंबरातच लावायला हवी होती. मामंजींच्या कॉटपासून न्हाणीघरापर्यंत रबरी जाळीची पट्टी, रात्रीचा मंद दिवा, गुंडीला रात्री अकराला मी आणि पहाटे चारला हे बाहेर नेणार, मध्ये एकला अभ्यास आटोपून मुलगी. गोळी भाकरीबरोबर, उपाशीपोटी कधीच नाही, आणि शेण काळं डांबरासारखं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, कारण स्टिरॉइडने आतड्यात रक्त सुटू शकतं. हिरड्या रोज सकाळी उजेडात बघायच्या. लसीकरणाची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी सगळं एकदम टोचलं नाही. लशीमुळे आजार उलटतो याचा पक्का पुरावा नाही, पण घाई तरी कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं. यात शौर्य काही नाही. कंटाळा आहे, भरपूर.

प्रेडनिसोलोनची शेवटची पाव गोळी २०२५ च्या जूनमध्ये संपली, दुसरं औषध सप्टेंबरात. कानांवर केस आले. पाय अजून पूर्वीसारखे भरलेले नाहीत. पुन्हा उलटणार नाही, असं डॉक्टर म्हणत नाहीत आणि मीही आता विचारत नाही.

ब्रूनोचं सांगायचं राहिलं. गुरुवारी फोन ठेवल्यावर मी अण्णांना फोन केला होता. ते म्हणाले, शनिवारी येतो. ब्रूनोचा आकडा शुक्रवारी १४ वरून १६ झाला होता, त्या बाई खूष होत्या. शनिवारी सकाळी तो उठून पाणी प्यायला, दोन पावलं टाकली, श्वास कोंडला आणि पाच मिनिटांत गेला. गुठळी असावी, असं त्यांच्या डॉक्टरांचं मत. अण्णांचा छोटा हत्ती तेव्हा गावाच्या वेशीपर्यंत आला होता. तो आमच्या दारात आला. भीमा आता सहा वर्षांचा, तोंडावर पांढरं डोकावतंय. गुंडीने त्याला लांबून हुंगलं. अण्णांनी चहा घेतला, बशीत ओतून, आणि मामंजींना विचारलं, "ईग एष्ट ऐतरी?" मामंजींनी कॅलेंडरकडे न बघता सांगितलं, "नलवत्तेरडु." बेचाळीस.

रविवारी मी शहापूरला जाऊन आले. दाराशी ब्रूनोचा पट्टा खुंटीला होता, खाली पाण्याचं भांडं भरलेलंच. त्या बाईंनी मला बसवलं, सरबत दिलं. कितीतरी वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आठ दिवस आधी त्याला जिन्यात दम लागला होता. मी म्हटलं, जाड झालाय. माझंच चुकलं का हो?"

मग मी त्यांना माझा जुलैमधला जिना सांगितला आणि ऑक्टोबरचंही सगळं सांगितलं. अडीच, दीड, पाऊण, पाव. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. निघताना त्यांनी ब्रूनोच्या उरलेल्या गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं. क्लोपिडोग्रेलची नऊ होती. मी ती पर्समध्ये ठेवली.